कोऱ्या रकान्याची सुनावणी

हे कुणाला पटणार नाही. आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्या प्रत्येकानं मला लबाड म्हटलं, आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी पुन्हा सांगा म्हणून चहा पाजला. तेव्हा विश्वास ठेवायची सक्ती नाही. मध्ये उठून जायचं नाही, एवढीच अट.

एका माणसाच्या मरणापायी चार हजार एकशे बारा माणसं एका सकाळी ना जिवंत राहिली ना मेली, आणि त्यांना परत माणसांत आणण्यासाठी एका वैदिक ब्राह्मणानं सात तास इंग्रजी म्हटलं. त्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

झालं, इथंच बळवंत सुतारांनी हसायला सुरुवात केली. सुतार म्हणजे आमचे एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. जन्मभर तिकिटं तपासल्यामुळं त्यांना कुणाचंच काही पटत नाही. आम्ही दोघं म्हातारे त्या दिवशी पेढे खायला कुरुंदेश्वर दूध संघात गेलो होतो. शशिकला मगदूम संघाची जनरल मॅनेजर झाली होती. एवढ्या वर्षांत त्या खुर्चीत बसलेली पहिली बाई. सुतारांनी पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, की हिची नोकरी सुरुवातीलाच जाता जाता राहिली होती म्हणे, ते काय प्रकरण? आता मला कोण आवरणार. शिवाय साक्षीदार समोरच बसलेली, फायलींवर सह्या करत.

तर, शहाण्णव साल. मार्च महिना. संघाची निवडणूक लागलेली. मी तेव्हा सभासद विभागाचा प्रमुख. शशिकला चोवीस वर्षांची, संगणक विभागात नवी, नोकरी अजून पक्की व्हायची होती. तोवर मतदारयादी आम्ही हातानं करायचो. सगळ्या सभासदांची वही एकीकडं, मयत सभासदांची वही दुसरीकडं, आणि पट्टी लावून एकेक नाव खोडायचं. दोन माणसं, तीन आठवडे, आणि तरी दर निवडणुकीत चार-दोन मेलेले येऊन मत देऊन जायचेच. त्या साली ठरलं की यादी संगणक काढणार. दोन्ही वह्या आत भरल्या, आणि शशिकलानं यंत्राला एका ओळीत विचारलं, की ज्यांचा सभासद क्रमांक मयतांच्या यादीत नाही असे सगळे दे.

अध्यक्ष आबासाहेब, कार्यकारी संचालक इंगवलेसाहेब आणि मी, तिघंही प्रिंटरभोवती उभे. शे-दीडशे पानं निघणार म्हणून शिपायानं कागदाचं अख्खं खोकं फोडून ठेवलेलं. प्रिंटर करकरला. एक पान बाहेर आलं आणि थांबला. वर संघाचं नाव, खाली रकान्यांची नावं, त्याखाली एक ओळ. एकूण मतदार: शून्य.

आबासाहेबांनी पान उलटून पाठीमागं बघितलं. तिथंही कुणी नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले, "संघात एकबी जित्तं माणूस न्हाई म्हणतंय व्हय तुझं मशीन? मग मी कोण?"

"तुम्ही गेलात असं नाही म्हणत ते, आबासाहेब," शशिकला म्हणाली. "तुम्ही आहात हे खात्रीनं सांगता येत नाही, एवढंच म्हणतंय."

दुसरी एखादी असती तर रडली असती. हिनं अर्ध्या तासात दोष शोधून काढला. मयतांच्या यादीत तीनशे अठरा नावं होती. त्यातल्या तातोबा खवरे या माणसापुढं सभासद क्रमांकाचा रकाना कोरा होता. शून्य नव्हे, कोरा. आता यंत्राची गंमत बघा. ते आबासाहेबांना हातात धरतं आणि मयतांच्या ओळीतून एकेकाशी ताडून बघतं. हा तो नव्हे, हाही तो नव्हे, असं करत करत तातोबापाशी येतं. तातोबाचा नंबर काय? माहीत नाही. मग आबासाहेबांचा नंबर तोच नसेल कशावरून? सांगता येत नाही. आणि ज्याच्याबद्दल सांगता येत नाही त्याला ते यादीत घेत नाही. चार हजार एकशे बारा माणसं अशीच तातोबापाशी येऊन अडकली.

रकाना भरा आणि यादी काढा, दोन मिनिटांचं काम. पण शशिकलाचा मामा निवडणुकीत विरोधी पॅनेलकडून उभा होता, आणि इंगवल्यांच्या मनात ते आधीपासून सलत होतं. पोरीनं मामाच्या सांगण्यावरून यादी मारली, असं त्यांनी दुपारपर्यंत कागदावर आणलं. यंत्र अडाणी असतं, त्याला जे शिकवाल ते करतं, आणि हिनं त्याला वाकडं शिकवलं, हा आरोप. तिला घरी बसवायचं आणि पोलिसांत तक्रार द्यायची. पोलिसांत नाव गेलेल्या पोरीला जिल्ह्यात कुठल्या संस्थेनं दारात उभं केलं असतं? शिक्षण वाया गेलं, नोकरी संपली, आणि गावात तोंड दाखवायला जागा नाही.

चौकशीला निबंधक कचेरीतून हेरवाडकर नावाचे साहेब आले. अतिशय सरळ माणूस, आणि सरळ माणसाचा जेवढा त्रास होतो तेवढा वाकड्याचा होत नाही. शशिकलानं त्यांना सांगितलं, की मी काही वाकडं शिकवलेलं नाही, यंत्राला ज्या भाषेत विचारतात तिचा जगभरचा नियमच तसा आहे. ते म्हणाले, ठीक, नियम दाखवा. तिनं तिचं पुस्तक दाखवलं. ते त्यांनी उलटंसुलटं करून परत दिलं.

"हे गाईड झालं. गाईडवर मी कुणाची नोकरी ठेवत नाही आणि घेतही नाही. नियम जिथं लिहिलाय त्या मूळ ग्रंथातला शब्द आठ दिवसांत माझ्यापुढं आला पाहिजे. नाही आला तर मला इंगवलेसाहेबांचं म्हणणं मान्य करावं लागेल."

मला पोरीची दया आली. मी म्हटलं, हात्तिच्या, एक पुस्तक तर मिळवायचं.

आता ते पुस्तक कुठं असतं ते ऐका. ज्या कंपनीनं संघाला तो प्रोग्राम विकला होता, तिच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, आमचं सगळं प्रमाण ग्रंथाप्रमाणंच आहे, खात्री बाळगा. मी म्हटलं, त्याचं एक पान पाठवा. तो म्हणाला, आम्ही तो पाहिलेला नाही. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात एक प्राध्यापक ही भाषा नऊ वर्षं शिकवत होते. त्यांच्याकडं गेलो. त्यांनी फळ्यावर ग्रंथाचं नाव आणि क्रमांक अगदी पाठ लिहून दाखवला. ग्रंथ? तो त्यांच्या गुरूंनी पाहिला असावा असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे ज्याच्या शपथा सगळे घेतात त्याचं दर्शन कुणालाच झालेलं नाही. शेवटी कळलं की ग्रंथ विकत मिळतो, पण परदेशातून, परकी चलनात. किंमत ऐकून आबासाहेब म्हणाले, एवढ्यात दोन मुऱ्हा म्हशी येतील, आणि त्या दूध तरी देतील.

चौथ्या दिवशी त्याच प्राध्यापकांचा निरोप आला. पुण्यात एका सरकारी कचेरीच्या वाचनालयात एक प्रत आहे. वाचायला फुकट. पण नक्कल करायची नाही, टिपण काढायचं नाही, पेन-पेन्सिल दारातच काढून घेतात.

शशिकलाला चौकशी संपेपर्यंत गाव सोडायला बंदी. म्हणजे जाणार मी. जाऊन वाचून येणार, आणि हेरवाडकरांना काय सांगणार? की मी वाचलं बरं का, तसंच आहे? मी खरं बोललो तरी तालुक्यात कुणी धरत नाही. तेव्हाही धरत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी दारात बसलो होतो आणि शेजारी दामूभट घनपाठी पडवीत संथा देत होते. वेदमूर्ती दामोदरभट. एकपाठी माणूस. कानावर एकदा पडलं की गेलं आत, मग ते काही असो. एकदा मुलीकडं जाताना स्टँडवर दिवसभर गाडीची वाट बघत बसले, तर घरी आल्यावर सगळं वेळापत्रक, फलाटांसकट आणि क्षमस्वसकट, म्हणून दाखवलं होतं.

इथं सुतारांनी मान डोलावली. म्हणजे तेवढं त्यांना पटलं.

मी दामूभटांपुढं जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. नोकरी, पोलीस, तातोबाचा रकाना. त्यांनी विचारलं, ग्रंथ संस्कृतात आहे का? म्हटलं, इंग्रजीत. ते म्हणाले, अर्थाची जबाबदारी तुझी, उच्चाराची माझी. पोरगी अडचणीत आहे म्हणतोस तर चल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाचनालयाच्या दारात. तिथं टिपणीसबाई नावाच्या ग्रंथपाल होत्या. चष्म्याच्या वरून बघायच्या आणि वाचकापेक्षा पुस्तकाची बाजू घ्यायच्या. माझं पेन घेतलं, खिसे बघितले, दामूभटांची पळी-पंचपात्री ठेवून घेतली. मी विचारलं, सोबतच्या माणसाला वाचून दाखवलं तर चालेल का? त्यांनी नियमांची चोपडी काढली आणि दहा मिनिटं वाचली. अंध वाचकास सोबत्याने हलक्या आवाजात वाचून दाखवण्यास हरकत नाही, असं त्यात निघालं.

मी दामूभटांना डोळ्यांनी खुणावलं. ते म्हणाले, "मला दिसतं."

"यातलं दिसतं का?" बाईंनी पुस्तक पुढं केलं.

"दिसतं. पण हे अक्षर मी ओळखत नाही."

बाईंनी पुन्हा चोपडी बघितली. निरक्षर वाचकासही तीच सवलत होती. चारही दिशांना ज्यांची विद्वत्ता गाजलेली त्या वेदमूर्तींनी वहीत निरक्षर या शब्दापुढं मोडीत झोकदार सही केली आणि आम्ही आत गेलो.

ग्रंथ केवढा? सहाशेच्या वर पानं. आम्हाला हवी होती त्यातली दोनच वाक्यं, एक सातव्या प्रकरणात, एक आठव्यात. मी थेट आठवं उघडलं. दामूभटांनी पुस्तकावर हात ठेवला.

"मधूनच उचलायचं नाही. आरंभापासून घे. आणि आधी सांग, याचा ऋषी कोण, छंद कोणता, देवता कोणती?"

ते सांगितल्याशिवाय म्हणायचं नाही हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. मी विचार करून सांगितलं, ऋषी म्हणजे एक समिती आहे. छंद नाही. देवता म्हणजे तक्ता, उभे-आडवे रकाने असलेला.

"समिती," ते म्हणाले. "म्हणूनच छंद नाही." आणि डोळे मिटून बसले.

दीड दिवस मी वाचत होतो. मुखपृष्ठापासून. अनुक्रमणिका, प्रस्तावना, व्याख्या, कंसातले कंस, उलटे-सुलटे बाण. माझं इंग्रजी मॅट्रिकचं. जसं येत होतं तसं वाचलं. दामूभट बोटांची पेरं मोजत होते, मान वर-खाली करत होते. प्रत्येक पानाच्या तळाशी एक सूचना होती, की या ग्रंथाचा कोणताही भाग कोणत्याही प्रकारे उतरवून घेता येणार नाही. मी म्हटलं, हे गाळतो. तर म्हणाले, गाळणारा तू कोण? मग दर पानाला तेही. दुसऱ्या दिवशी दुपारी टिपणीसबाई येऊन आमच्या मागं उभ्या राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, की ऐकण्यावर नियम नाही, मी दोनदा बघितलं. आणि खिडकी लावून घेतली, बाहेरच्या गाड्यांचा आवाज येत होता म्हणून.

आठवा दिवस. सुनावणी. मीटिंगच्या हॉलमध्ये हेरवाडकर मध्ये, एका बाजूला आबासाहेब आणि इंगवले, दुसऱ्या बाजूला शशिकला, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. हेरवाडकरांनी विचारलं, ग्रंथ आणला? मी म्हटलं, आणलाय, आणि दामूभटांना पुढं केलं.

इंगवले जोरात हसले. हेरवाडकर हसले नाहीत, हसणं त्यांच्या सेवाशर्तींत नसावं. हे ग्रंथातलं आहे कशावरून, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुण्याला फोन लावा, तिथं ग्रंथ उघडून बाई बसल्यात. शिपायानं काळा फोन टेबलावर आणून ठेवला. टिपणीसबाई लाइनवर आल्या. दामूभटांनी पळीनं आचमन केलं, ऋषी समिती, छंद नाही, देवता तक्ता असं सांगितलं, आणि सुरू केलं. रिसीव्हर त्यांच्या तोंडापाशी. एक पान संपलं. हेरवाडकरांनी रिसीव्हर कानाला लावला. त्यांच्या भुवया जराशा वर गेल्या.

"बाई म्हणतात, अक्षर न् अक्षर. तळाच्या सूचनेसकट." मग जरा थांबून, "आणि त्यांनी असंही सांगितलंय की वाचनालय साडेपाचला बंद होतं."

आठव्या प्रकरणावर या, असं त्यांनी फर्मावलं. मी सांगितलं, साहेब, मधलं निघत नाही. माळ ओढल्यासारखं आहे, पहिल्या मण्यापासून यावं लागतं. आठव्यापर्यंत दोनशेच्या वर पानं आहेत. घड्याळात साडेदहा वाजले होते.

काय सांगू तुम्हाला. त्या हॉलमध्ये दह्याच्या वासात, वेदाच्या सुरात ते इंग्रजी सुरू झालं. बाहेर दुधाचे कॅन उतरवणारी माणसं खिडकीला लागली. बायका येऊन लांबूनच हात जोडून गेल्या. दर पानाला ती नक्कल करू नये म्हणणारी सूचना आली की काहींनी धृपदासारखी मान डोलवायला सुरुवात केली. बारा वाजेपर्यंत व्याख्या संपल्या. दोनला पाचवं प्रकरण. आबासाहेबांचा डोळा लागला.

इंगवले हुशार माणूस. त्यांनी तेवढ्यात ओळखलं की दामूभटांना मध्ये तोडलं की ते त्या प्रकरणाच्या आरंभापासून धरतात. तीनला ते जोरात खोकले. दामूभट थांबले, आणि सहावं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून. वीस मिनिटं गेली. मग इंगवल्यांनी चहा मागवला आणि कपबश्या आपटल्या. पुन्हा पहिल्यापासून. शशिकला घड्याळाकडं बघत होती, आणि मी तिच्याकडं बघत नव्हतो. तिसऱ्यांदा इंगवल्यांनी हेरवाडकरांना काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आबासाहेब जागे झाले.

"इंगवले, गप बसा. मला जित्तं व्हायचंय."

त्यानंतर हॉलमध्ये माशी हलली नाही. साडेचारला सातव्या प्रकरणाचं सहावं कलम आलं. ज्या ओळींच्या बाबतीत अट खरी ठरते तेवढ्याच द्याव्यात. हेरवाडकरांनी ते वाक्य कागदावर उतरवून घेतलं. पाच वाजले. पाच दहा. आठवं सुरू झालं. शिपाई पुण्याचा फोन पुन्हा लावायला लागला, तर लाइन मिळेना. पाच वीस. दामूभटांचा आवाज बसत चाललेला, पण सूर ढळत नव्हता. पाच तेवीसला लाइन लागली. टिपणीसबाईंनी पिशवी खांद्याला लावली होती, ती परत खाली ठेवली म्हणे. पाच सव्वीसला दामूभट दुसऱ्या कलमाच्या त्या वाक्यावर आले. दोन्हींपैकी एकही बाजू कोरी असेल, तर तुलनेचं उत्तर, माहीत नाही.

हेरवाडकरांनी रिसीव्हर कानाला लावला. ऐकलं. ठेवला. उठून उभे राहिले आणि दामूभटांना नमस्कार केला. मग बसून तिथल्या तिथं निकाल लिहिला, की यंत्रानं जे केलं ते नियमाप्रमाणं केलं, श्रीमती मगदूम यांचा काडीचा दोष नाही, आणि त्यांची नोकरी पुढल्या महिन्यापासून पक्की करावी. इंगवल्यांना सही करावी लागली. तातोबा खवऱ्यांचा नंबर जुन्या भागपत्रावर सापडला, रकान्यात घातला, आणि प्रिंटर असा सुटला की आबासाहेबांचं नाव येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. आल्यावर त्यावर बोट ठेवून म्हणाले, आलो बघा.

जाता जाता हेरवाडकरांनी एकच प्रश्न विचारला. मयतांच्या वहीत तो रकाना कोरा कुणी सोडला? दोष कुणाचा तरी लिहावा लागेल. मी सांगितलं, रघू आंबी म्हणून एक कारकून होता माझ्या हाताखाली. भारी घाईचा माणूस. तो डिसेंबरातच नोकरी सोडून आखातात गेला. त्यांनी लिहून घेतलं, दप्तर बांधलं आणि साडेसहाची गाडी पकडली. रघूच्या चुकीपायी एवढं महाभारत झालं, आणि त्या बिचाऱ्याला आजतागायत पत्ता नाही.

मी पेढ्याचा दुसरा तुकडा उचलला. सुतारांनी पेढ्याचं खोकं माझ्यापासून लांब सरकवलं.

"अण्णा, बत्तीस वर्षं गाडीत काढली मी. लई बघितले तुमच्यासारखे. वेळापत्रकाचं एकवेळ खरं धरतो. पण भटजी सात तास इंग्रजी म्हणाला, आणि पुण्याच्या बाई फोनवर पान लावून बसल्या? ह्येच्यात खोटं कुठनं सुरू होतं तेवढं सांगा."

मी ऐटीत समोर हात केला. विचारा की, साक्षीदार बसलीय.

शशिकलानं पेनला टोपण लावलं. फाईल मिटली.

"घनपाठी खरे आहेत, सुतारकाका. सातच्या जागी साडेसहा तास असतील. फोन खरा, टिपणीसबाई खऱ्या. त्या वारल्या तेव्हा मी पुण्याला जाऊन आले. आबासाहेब म्हणाले तेही खरं." मग ती माझ्याकडं वळली. एवढ्या वर्षांत तिनं कधी माझ्याकडं असं सरळ पाहिलं नव्हतं. "रघू आंबी तेवढा खोटा आहे, अण्णा. त्या नावाचा कारकून संघात कधीच नव्हता. तातोबांची नोंद तुमच्या हातची. मयतांची वही मला सुनावणीच्या आदल्या दिवशीच सापडली होती, आणि त्या दिवशी ती माझ्या पिशवीत होती. हेरवाडकरांपुढं ठेवायला आणली होती मी. तुम्ही दामूभटांना हाताला धरून दारातून आत आलात, म्हणून ती पिशवीतच राहिली."